तेरा तांदूळ आणि एक हरभरा

कॉपी पकडण्यात माझा हात धरणारा पवनी तालुक्यात कुणी नाही, असं मी अठ्ठाविसाव्या वर्षी मानत होतो. हे मत आणखी कुणाचं होतं की नाही, याची मी कधी चौकशी केली नाही.

आणीबाणी नुकतीच उठली होती. मी तालुक्याच्या गावी हायस्कुलात गणित शिकवत होतो. वर्षभर मी साधाच मास्तर असायचो, पण परीक्षा जवळ आली की माझ्या अंगात काहीतरी संचारायचं. पर्यवेक्षणासाठी मी मुद्दाम रबरी तळव्यांचे बूट घेतले होते, पावलांचा आवाज होऊ नये म्हणून. ते नवे असताना इतके किरकिर वाजायचे, की मी वर्गाच्या दारापाशी आलो की सगळी पोरं मान खाली घालून लिहायला लागायची. मला वाटायचं, हा माझा दरारा.

एकदा एका मॅट्रिकच्या परीक्षार्थीची मूठ मी पाऊण तास न्याहाळली. शेवटी झडप घातली आणि मुठीतला कागद तसाच केंद्रप्रमुखांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी तो उलगडला, वाचला आणि मला विचारलं, “सर, हे कोणत्या विषयाचं आहे?” कागदावर लिहिलं होतं : फल्लीचं तेल, मोठं मीठ, मायसाठी तंबाखू. पेपर सुटल्यावर त्याला बाजार करून घरी जायचं होतं. मी कागद परत नेऊन दिला आणि उरलेला वेळ त्याच्या बाकाकडे फिरकलो नाही. पण एवढ्याशा गोष्टीनं शहाणा होणारा माणूस मी नव्हतो.

त्या काळी चौथीच्या मुलांना शिष्यवृत्तीला बसवण्याआधी आमच्याकडे एक चाळणी परीक्षा व्हायची. आसपासच्या शाळांची मुलं आपापल्या गुरुजींबरोबर एका केंद्रावर येऊन बसायची, सगळ्यांना एकच छापील पेपर, एकाच वेळी, एकाच घंटेवर. उत्तरं एका शब्दाची किंवा एका आकड्याची. पेपर तपासायला आम्हा हायस्कूलच्या मास्तरांना बसवत. सोबत छापील उत्तरांचा कागद असायचा. त्याच्याशी ताडून खुणा करत जायचं, एवढंच काम. बाकीचे मास्तर गप्पा मारत ते करायचे. मी मात्र शोध घेत असायचो.

आणि एका वर्षी मला शोध लागला.

कोंढ्याच्या पलीकडे एक गाव आहे, त्याचं नाव मी सांगत नाही. तिथल्या एकशिक्षकी शाळेची चौदा मुलं परीक्षेला बसली होती. त्यांचा गठ्ठा माझ्याकडे आला. तपासता तपासता माझा हात थांबला. एक प्रश्न होता, ‘गटात न बसणारा शब्द अधोरेखित करा : गहू, ज्वारी, तांदूळ, हरभरा.’ उत्तर हरभरा, कारण ते कडधान्य आणि बाकीची तृणधान्यं. चौदापैकी तेरा मुलांनी तांदूळ अधोरेखित केला होता. दुसरा प्रश्न होता, ‘मोठ्यापासून लहान असा क्रम लावा : नदी, डबके, समुद्र, तळे.’ त्याच तेरा जणांनी समुद्राखालोखाल तळ्याला बसवलं होतं आणि नदीला तिसऱ्या जागी ढकललं होतं. तिसरा प्रश्न गणिताचा. शंभर मीटर रस्त्याच्या एका बाजूला, दोन्ही टोकांसह, दर दहा मीटरवर एक झाड लावलं, तर झाडं किती? उत्तर अकरा. कच्ची मुलं दहा लिहितात, तेही मी समजू शकलो असतो. पण या तेरा जणांनी लिहिलं होतं नऊ.

बरोबर उत्तरं जुळली तर तो अभ्यास असतो. चुकीची उत्तरं अशी ओळीनं जुळली, तर ती कॉपी. हा सिद्धान्त माझा मीच काढला होता आणि शिक्षकांच्या खोलीत अनेकदा ऐकवला होता. चौदाव्या उत्तरपत्रिकेत मात्र हरभरा, नदी आणि अकरा, तिन्ही बरोबर होतं. त्या पेपरकडे मी जरा वेळ प्रेमानं पाहत राहिलो.

त्याच संध्याकाळी मी अडीच पानी अहवाल लिहिला. तेरा मुलांची तीन चुकीची उत्तरं निव्वळ योगायोगानं जुळण्याची शक्यता किती, याचं गणितही मी त्यात मांडलं. आकडा एका ओळीत मावेना, म्हणून तो दोन ओळींत मोडून लिहिला. शेवटी निष्कर्ष काढला, ‘सदर शाळेच्या शिक्षकाने मुलांना उत्तरे सांगितलेली दिसतात, आणि तीही चुकीची.’ शिवाय एक वाक्य जोडलं, ‘अपवाद फक्त चौदाव्या क्रमांकाच्या मुलीचा, तिच्या प्रामाणिकपणाची नोंद घ्यावी.’ हे वाक्य लिहिताना मला भरून आलं होतं.

पंचायत समितीतल्या विस्तार अधिकाऱ्यांनी अहवाल वाचला की नुसताच तोलून पाहिला, कोण जाणे. त्या शाळेचा निकाल त्यांनी राखून ठेवला आणि तिथल्या गुरुजींना ‘कारणे दाखवा’ची नोटीस धाडली. मग मला बोलावून म्हणाले, “सर, तुम्ही एवढं लिहिलंच आहे, तर एकदा जाऊन फेरपरीक्षा घेऊन या. म्हणजे फाईल पक्की होईल.”

हे काम मला कुणी न सांगताही मी केलं असतं.

कोंढ्यापर्यंत मी बसनं गेलो आणि पुढे एका ओळखीच्या दुकानदाराची सायकल घेतली. मोहफुलं पडायचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या पसरलेल्या होत्या, कुठे कुठे त्यात चना उभा होता. मला त्यातलं काहीही दिसत नव्हतं. गुरुजींना कोणता प्रश्न आधी विचारायचा, याची मी सायकलवर तालीम करत होतो.

गुरुजी पन्नाशी ओलांडलेले होते, धोतर आणि टोपीतले. शाळेच्या दारात उभे होते. मी कोण आणि कशासाठी आलो हे त्यांना ठाऊक होतं. नोटीस त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घडी घालून ठेवलेली होती, तिचं टोक दिसत होतं.

“या सर,” ते म्हणाले. “उन्हातून आले. आधी पानी घ्या.”

मी पाणी नाकारलं. आरोपीच्या हातचं पाणी तपास अधिकारी पीत नाही, असं मला वाटत होतं.

चौदाही मुलांना मी मैदानात बसवलं, एकमेकांपासून दहा दहा पावलांवर आणि प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. गुरुजींना मी सांगितलं, तुम्ही आत बसा, खिडकीकडे पाठ करून. ते आत गेले आणि सांगितलं तसे बसले. मी दहा प्रश्न तोंडी सांगितले. सात नवे आणि मधेमधे ते तीन जुने. मग धुळीतून बूट ओढत अर्धा तास पोरांमधून फिरलो. चौथीची मुलं ती, आपापल्या पाटीवर वाकून लिहीत होती. एकाही मुलानं मान वर केली नाही.

पाट्या गोळा करून मी ओट्यावर ओळीनं मांडल्या आणि वाचायला लागलो. तांदूळ. तांदूळ. तांदूळ. तळं नदीच्या आधी. नऊ. नऊ. मी चौदाव्या पाटीपर्यंत पोहोचलो. माझ्या प्रामाणिक मुलीनंही तांदूळ लिहिला होता. तळं मोठं आणि झाडं नऊ.

मी उठून खिडकीतून आत पाहिलं. गुरुजी पाठ करूनच बसलेले होते आणि जुन्या खोक्यातले खडूचे तुकडे निवडत होते. मग मी ते केलं, जे खरं तर पेपर तपासताना मनात यायला हवं होतं. पुढच्या एका बुटक्या, चौकस डोळ्यांच्या मुलाला जवळ बोलावलं आणि विचारलं, “तू तांदूळ का लिहिला?”

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसा मी एखाद्या मठ्ठ विद्यार्थ्याकडे पाहतो. “गहू पेरतेत जी. जवारी पेरतेत. चना पेरतेत. तांदूळ कोनी पेरते का? पेरतेत त धान.”

बाकीची मुलं हसली. त्यांच्यापैकी एक जण मागून म्हणाला, “धान कांडलं का मंग तांदूळ होते.”

मी स्वतः धान पिकवणाऱ्या घरात जन्मलो. माझा बाप रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभा राहायचा, आणि मी बारावं वर्ष होईपर्यंत पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या वाहून नेल्या होत्या. तांदूळ पेरत नाहीत, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण हातात छापील उत्तरांचा कागद आला आणि मी ते विसरलो.

“आणि नदीपेक्षा तळं मोठं कसं?” मी विचारलं. आवाज आता बराच खाली आला होता.

त्यानं हात लांब केला. शाळेच्या मागे गावाचा तलाव होता. पलीकडचा काठ उन्हात नीट दिसत नव्हता. मग त्यानं दुसऱ्या बाजूला बोट दाखवलं. “अन् नदी ते पाहा.” तिकडे वाळूत एक ओल्या रेघेसारखं काहीतरी होतं. त्यात दोन म्हशी बसल्या होत्या आणि त्या दोघींनीच ती नदी भरली होती.

आता एकच आशा उरली होती. नऊ. हे कोणत्याही गावात पिकत नाही.

“गुरुजी,” मी हाक मारली, “जरा बाहेर या.”

ते आले. मी म्हणालो, “बाकीचं जाऊ द्या. पण झाडं नऊ कशी? हा आकडा सगळ्यांच्या डोक्यात एकदम कुठून आला?”

गुरुजी आत जाऊन एक वही घेऊन आले. तपकिरी कागदाचं वेष्टन घातलेली, कोपरे न दुमडलेली वही. त्यांनी एक पान उघडलं आणि माझ्या हातात दिलं. वर लिहिलं होतं, ‘उन्हाळी गणित वर्ग.’ खाली सुरेख अक्षरात नियम, ‘झाडांची संख्या = भाग वजा एक.’ आणि त्याखाली कंसात, ‘हायस्कूलचे सर.’

प्राथमिक शिक्षकांच्या त्या उन्हाळी वर्गाला गणित शिकवायला मी गेलो होतो. शेवटच्या दिवशी शेवटच्या तासाला कुणीतरी झाडांचं विचारलं होतं. मला पाचची गाडी गाठायची होती. दोन्ही टोकांना झाडं असली तर एक मिळवायचा, दोन्ही टोकं मोकळी असली तर एक वजा करायचा. यातला दुसरा अर्धा सांगून मी पिशवी उचलली होती, आणि साठ-सत्तर माणसांनी तो वहीत उतरवून घेतला होता.

“मले थोडी शंका आली होती सर,” गुरुजी म्हणाले. “या पोट्ट्यानं रस्त्याच्या कडेनं काड्या गाडून दाखवल्या मले. म्हने, गुरुजी, अकरा होतेत. मीनं पन मोजल्या. अकराच झाल्या. पन मनलं, हायस्कूलचे सर सांगून गेले. ते चुकतीन कसे? आपलंच काही चुकत असन.”

मी त्या बुटक्या मुलाकडे वळलो. “तुला अकरा येत होतं, तर पेपरात नऊ का लिहिलं?”

“गुरुजीनं सांगतलं होतं.”

“अन् मले तुमी,” गुरुजी म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मी ओट्यावर बसलो. पाणी मागितलं. गुरुजींनी तांब्या आणून दिला आणि मी तो सगळा प्यायलो.

मग चौदाव्या क्रमांकाची मुलगी आठवली. लाल रिबिनीची, किरकोळ अंगाची पोर. तिला बोलावून मी जितक्या हळू आवाजात विचारता येईल तितक्या हळू विचारलं, “बाई, त्या दिवशी तू हरभरा लिहिला होतास. आज तांदूळ लिहिलास. असं कसं?”

ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. गुरुजी म्हणाले, “सांग, कोनी रागवत नाही.”

“त्या दिवशी माह्या बाजूले दुसऱ्या शाळेची पोरगी होती,” ती म्हणाली. “तिचं पाहून लिवलं.”

तर अशी ती हकिकत होती. त्या शाळेत चौदा मुलं होती. त्यांतल्या तेरांनी आपापल्या डोक्यानं पेपर लिहिला होता आणि एकीनं कॉपी केली होती. मी नेमके तेरा जण पकडले होते आणि त्या एकीच्या प्रामाणिकपणाची नोंद घ्यावी म्हणून शिफारस केली होती.

गुरुजींनी जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. त्यांच्या घरी भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण होतं. त्यांची बायको वाढत होती. नोटीस याच माणसामुळे आली, हे तिला माहीत होतं, कारण भात वाढून झाल्यावर तिनं शांतपणे विचारलं, “यांची नोकरी त जानार नाही ना जी? तीन वर्षंच राहिले.”

मी “नाही” म्हणालो. मला तसं सांगायचा काही अधिकार नव्हता, पण त्या दिवशी मी बोललेलं हे पहिलं खरं होऊ पाहणारं वाक्य होतं.

आरोप करण्यापेक्षा तो मागे घेणं किती अवघड असतं, हे पुढच्या आठवड्यात कळलं. मी अर्जाचा पहिला मसुदा लिहिला, त्यात ‘नजरचुकीने’ हा शब्द चार वेळा आला. नजर कुणाची आणि चूक कुणाची, ते कुठेच आलं नाही. दुसऱ्या मसुद्यात ‘काही गैरसमज झाल्याचे निदर्शनास आले’ असं होतं, म्हणजे जणू गैरसमज वाटेत पडलेला सापडला. तिसऱ्यांदा मी लिहिलं, ‘मुलांनी कॉपी केलेली नाही. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यांनी आपल्या अनुभवावरून लिहिली. तिसऱ्याचा चुकीचा नियम मीच त्यांच्या शिक्षकांना शिकवला होता.’ हे तीन वाक्यांत संपलं. अडीच पानांच्या अहवालाला तीन वाक्यांचं उत्तर, याची मला लाज वाटली आणि थोडं हलकंही.

विस्तार अधिकाऱ्यांनी अर्ज दोनदा वाचला. “म्हणजे आता नोटीस तुम्हाला काढू का?”

“काढा साहेब.”

“जाऊ द्या. कागद वाढतात.” मग जुना अहवाल उघडून त्यांनी शेवटच्या ओळीवर पेन्सिल ठेवली. “आणि हे? चौदाव्या क्रमांकाच्या मुलीच्या प्रामाणिकपणाची नोंद घ्यायची म्हणता, ती घ्यायची का?”

माझ्या सगळ्या कारकिर्दीत मला सापडलेली ती एकमेव खरी कॉपी होती.

“राहू द्या,” मी म्हणालो.

तांदूळ लिहिणाऱ्यांना गुण द्यावेत, म्हणून मी बराच वाद घातला. साहेब म्हणाले, “छापील कागदावर हरभरा आहे. मी काय तिथे तांदूळ सांडू?” त्यामुळे त्या तेरा मुलांचे ते गुण गेले ते गेलेच. निकाल लागला, तेव्हा त्यांतली चार मुलं चाळणीतून पुढे गेली. काड्या गाडणारा मुलगा एका गुणानं राहिला. तो एक गुण झाडांचा होता, असं मी कुणाला सांगितलं नाही, आणि गुरुजींना सांगावं लागलं नाही. गुरुजींची नोटीस एका ओळीच्या पत्रानं रद्द झाली. ते आपली उरलेली तीन वर्षं त्याच शाळेत राहून निवृत्त झाले.

पुढच्या उन्हाळी वर्गात मी सुरुवातीलाच फळ्यावर रस्ता काढला, झाडं काढली आणि सांगितलं, की मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं होतं. खोलीत शांतता पसरली. मला वाटलं, माझ्या या कबुलीनं मंडळी हेलावली असावीत. मग मागच्या बाकावरचे एक वयस्कर शिक्षक म्हणाले, “आमाले ते तवाच समजलं होतं सर. तुमी गाडीच्या घाईत होते म्हनून कोनी बोललं नाही.” बहुतेकांनी आपल्या वहीत तेव्हाच दुरुस्ती करून घेतली होती. माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवणारा बहुधा एकच माणूस त्या वर्गात होता, आणि माझ्यामुळे नोटीस नेमकी त्यालाच गेली होती.

पेपर तपासायला मी त्यानंतरही बरीच वर्षं जात राहिलो. रबरी तळव्यांचे बूट झिजले, ते परत घेतले नाहीत. ऐंशी साल उलटून गेल्यावर कधीतरी, तुमसरकडच्या जंगलपट्टीतल्या एका शाळेचा गठ्ठा माझ्यापुढे आला. एकवीस मुलांपैकी एकोणीस जणांनी ‘काळोखात चमकणारी वस्तू’ या प्रश्नाला ‘दगड’ असं उत्तर दिलं होतं. शेजारचे मास्तर वाकून म्हणाले, “सर, हे तर सरळ सरळ कॉपीचं प्रकरण आहे. तुम्ही यातले जाणकार.”

मी उत्तरांच्या कागदाप्रमाणे खुणा केल्या आणि गठ्ठा बांधला. पण राहवलं नाही. तिथल्या शिक्षकांना एक पोस्टकार्ड टाकलं, आरोप नाही, नुसती विचारणा. मुलांनी असं का लिहिलं असेल? तिकडे मँगनीजच्या खाणी आहेत, दिव्याच्या उजेडात चकाकणारा दगड त्या मुलांनी पाहिला असेल, असा एक अंदाज मी आधीच बांधून ठेवला होता आणि त्यावर मनातल्या मनात खूष होतो.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. कार्डावर दोनच ओळी होत्या : ‘आपले पत्र मिळाले. मुलांना विचारले, हसतात, सांगत नाहीत.’

त्या पोरांनी एकमेकांचं पाहून लिहिलं होतं, की तिकडे खरंच काही चमकत होतं, ते मला कधीच कळलं नाही.